रक्तगट ‘ओ’ म्हणजे लक्षणांविना कोरोना?

प्रश्न : घरात सगळ्यांना कोरोना झाला, माझा अहवाल पॉझिटिव्ह असूनही साधी शिंकही आली नाही. माझा गट ‘ओ पॉझिटिव्ह’. हे त्यामुळेच का?

उत्तर : तसं म्हणता येणार नाही. २०२० मध्ये इटली आणि स्पेनमधल्या रुग्णांच्या अभ्यासात ‘ए’ गटाला धोका काहीसा जास्त आणि ‘ओ’ला कमी दिसला. पण तिथे श्वसन निकामी झालेल्या रुग्णांची तुलना मुख्यतः रक्तदात्यांशी होती. लक्षणं का दिसत नाहीत, हा प्रश्नच नव्हता. शिवाय रक्तपेढ्या ‘ओ’च्या दात्यांना आवर्जून बोलावतात, त्यामुळे अशी तुलना झुकू शकते.

लक्षणांविना संसर्गाचा ठोस धागा २०२३ मध्ये मिळाला, तो मात्र लाल पेशींवरच्या रक्तगटाचा नाही. अमेरिकेतल्या अस्थिमज्जा दात्यांच्या अभ्यासात ‘एचएलए-बी १५:०१’ हा जनुकप्रकार लक्षणं नसलेल्या सुमारे २० टक्के लोकांत आढळला, लक्षणं असलेल्यांत सुमारे ९ टक्के. दोन्ही पालकांकडून तो मिळालेल्यांत लक्षणं न दिसण्याची शक्यता आठपटींहून अधिक होती. साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंशी लढलेल्या त्यांच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) नव्या विषाणूलाही ओळखतात. रक्तगटाच्या नेहमीच्या तपासणीत हे कळत नाही.

लक्षणं नसली तरी तुमच्याकडून इतरांना लागण होऊ शकते. पुढे घरात कुणी बाधित झालं आणि तुमची घरगुती अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, तर ४८ तासांच्या अंतराने आणखी दोनदा करा. सुरुवातीला विषाणू कमी असल्याने एकच चाचणी फसवते.