काइट मॅनपासून सुरुवात करतोयस? मग हे वाच

अरे बॅटमॅन कॉमिक्समधल्या खलनायकांवर टिपणं काढायची तर जोकर-बिकर सगळेच करतात, तू काइट मॅन घेतलास ते बरं केलंस. फक्त एक कर, डायरेक्ट विकी उघडू नकोस, कारण तिथे साठ वर्षांचं सगळं एकाच पातेल्यात घोटलेलं असतं आणि मग मूळ काय आणि नंतरची फोडणी काय काही कळत नाही.

मूळ गोष्ट बॅटमॅन अंक १३३, ऑगस्ट १९६०. यात ऑगस्ट ही कव्हरवरची तारीख बरं का, अंक स्टॉलवर त्याच्या आधीच आलेला असायचा. जुन्या अंकांवर बॉब केनची, म्हणजे बॅटमॅनचा निर्माता म्हणून ज्याचं एकट्याचं नाव छापायचे त्याची सही दिसली की फसू नकोस, काइट मॅनच्या मागे लेखक बिल फिंगर आणि चित्रकार डिक स्प्राँग आहेत, आणि फिंगरला बॅटमॅनचं अधिकृत क्रेडिट मिळायला २०१५ उजाडलं! तेव्हाचा काइट मॅन म्हणजे पतंगाला लटकून चोऱ्या करणारा माणूस, बस. दुःख वगैरे काही नाही.

चार्ल्स ब्राऊन हे नाव नंतर चिकटलं, तो जोक पीनट्स ही कॉमिक स्ट्रिप वाचलेल्यांना लगेच कळेल, तिच्यातल्या चार्ली ब्राऊनचा पतंग कधी धड उडतच नाही. मग २०१७ मध्ये लेखक टॉम किंगने बॅटमॅनच्या (पुन्हा एकपासून क्रमांक सुरू केलेल्या नव्या मालिकेच्या) अंक २७ मध्ये त्याला एक लहान मुलगा दिला, आणि रिडलर हा दुसरा खलनायक त्या पोराच्या पतंगाच्या दोऱ्यालाच विष लावतो... मी हा अंक संक्रांतीच्या आसपास कोथरूडला गच्चीवर वाचत होतो, शेजारची पोरं मांजा गुंडाळत होती, पुढचं पान उलटवेना राव.

तर वहीत दोन रकाने कर, १९६० आणि २०१७, मिसळू नकोस. आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार, कॉमिक्स मिळाली तर मिळाली.