दोन दिवसांचं लिस्बन: चढ, रांगा आणि बटाटा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रवासविषयक प्रश्नांत सर्वाधिक लिस्बनबद्दलचे निघाले. बरेचसे युरोपात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या वाचकांचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात त्या-त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

प्रश्न : आम्ही दोघं शुक्रवारी रात्री नऊला लिस्बनला उतरतो आणि रविवारी रात्री साडेआठला परतीचं विमान आहे. यादीत सतरा ठिकाणं झाली आहेत. किती जमतील? (म्युनिक)

सतरापैकी सहा-सात, तीही नीट लावलीत तर. तुमच्याकडे खरे दिवस दीडच आहेत. शुक्रवारची रात्र मुक्कामी पोचण्यात जाते आणि रविवारी साडेपाचनंतर डोळा घड्याळावरच असतो.

नकाशावर लिस्बन लहान दिसतं आणि तिथेच फसगत होते. दोन ठिकाणांत पाचशे मीटर अंतर दिसतं, पण मधला चढ नकाशावर दिसत नाही. नदीकाठच्या बायशा भागातून साऊं जॉर्ज किल्ल्यापर्यंत जाणं म्हणजे जवळपास शंभर मीटर वर चढणं. म्हणून ठिकाणं अंतराने न लावता उंचीने लावा: एक दिवस नदीकाठचा सपाट भाग, एक दिवस टेकडी. एकाच दिवशी दोनदा खाली उतरून पुन्हा चढायची वेळ आली की बेत कोसळतो.

शनिवारी सकाळी नदीकाठचं बेलें. शनिवारीच, कारण रविवारी सकाळी जेरॉनिमुश मठाच्या चर्चमध्ये प्रार्थना असते आणि आत बघायला जायचं तर दुपार उजाडते. वास्को द गामाची समाधी याच चर्चमध्ये आहे, शेजारी कवी कामोंइश याची. चर्च आणि मठाचा दुमजली चौक यांचे दरवाजे वेगळे, रांगाही वेगळ्या. चौकाचं तिकीट वेळेसकट ऑनलाइन घ्या आणि दिवसातली पहिली वेळ निवडा. उन्हाळ्यात अकरा वाजता पोचलेला माणूस तासभर उन्हात उभा राहतो, कारण रस्त्यालगतच्या त्या रांगेला सावली नाही. सोमवारी मठ बंद असतो. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडसुट्टी घेऊन बेलें सोमवारवर ढकलणारे बरेच जण बंद दारासमोर उभे राहतात.

बेलेंला जायला १५ई ट्राम प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच खचाखच भरलेली. कायश दु सोद्रे स्थानकातून कश्कायशकडे जाणारी लोकल सात-आठ मिनिटांत पोचवते. फक्त ती बेलेंला थांबते का ते फलकावर बघा. काही जलद गाड्या थांबत नाहीत.

मठापासून नदीकाठाने पंधरा-वीस मिनिटं चाललं की बेलेंचा मनोरा लागतो. १५१० च्या दशकात बांधलेला हा मनोरा आतून फारसा काही दाखवत नाही. अरुंद गोल जिना आणि वर-खाली जाणाऱ्यांची कोंडी. बाहेरून मात्र वेळ काढून बघा. पश्चिमेकडून पाहिलं तर एका बुरुजीच्या तळाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं दिसतं. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने दीवला किल्ला बांधू द्यायचं टाळलं आणि पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला भेटीदाखल एक गेंडा दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजाने पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे धाडला. मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला आणि पोर्तुगिजांनी त्याचं नावही आपल्याकडचंच ठेवलं: गांडा, म्हणजे गेंडा. जर्मन चित्रकार ड्यूररचं गेंड्याचं जगप्रसिद्ध चित्र याच प्राण्याचं, आणि ड्यूररने तो कधी पाहिलाही नव्हता.

शनिवारी दुपारी परत बायशा. इथले रस्ते रेघ मारल्यासारखे सरळ का, याचं उत्तर १ नोव्हेंबर १७५५ मध्ये आहे. त्या सकाळी भूकंप, मागोमाग समुद्राची लाट आणि मग आग यांत शहराचा मधला भाग गेला. राजाचा मंत्री पोंबाल याने तो नव्याने चौकटीत आखला आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले, पुढच्या धक्क्यात इमारत हलावी पण पडू नये म्हणून. छप्पर नसलेलं कार्मु मठाचं चर्च वर चियादूत तसंच उभं आहे. आधी ते बघा, मग खालच्या सरळ गल्ल्या. क्रम उलटा केला तर गल्ल्या नुसत्या दुकानांच्या वाटतात.

रविवार किल्ल्याखालच्या जुन्या अल्फामासाठी. नवाच्या आत वर पोचा, पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया हे सज्जे, मग कातेद्राल करत उतरत या. किल्ला ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु हेन्रिकेश याने मूरांकडून घेतला. आज आत तटबंदी, मोर आणि शहराचं दृश्य आहे. दालनं, फर्निचर असं काही नाही. तिकिटाचे पैसे दृश्यासाठी द्यायचे नसतील तर सेन्योरा दु मोंत हा सज्जा फुकट आहे आणि त्याहून उंच. शनिवार-मंगळवारचा जुना बाजार, फैरा दा लाद्रा, ज्यांना हवाच असेल त्यांनी शनिवारी अल्फामा घ्यावा आणि समाधीसाठी रविवारची दुपार ठेवावी.

विमानतळाबाबत एक. मेट्रो पहिल्या टर्मिनलशी थांबते. स्वस्त विमानकंपन्यांची बरीच उड्डाणं दुसऱ्यातून होतात आणि तिथे फुकट बसने जावं लागतं. रांग आणि बस धरून अर्धा तास जास्तीचा ठेवा. तिकिटावर 'टी २' आहे का ते आजच बघून ठेवा.

प्रश्न : कोल्हापूरहून आईबाबा येत आहेत. बाबा ७२, आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना लिस्बन झेपेल का? (आइंडहोवन)

झेपेल, पण चढ यंत्रांकडून करून घ्यायचा आणि उतार हळूहळू पायी. खरं तर गुडघ्याला उतारच जास्त छळतो, म्हणून तीव्र पायऱ्यांचे उतारही टाळा. अल्फामात ते जागोजाग आहेत.

किल्ल्यावर जाताना बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती रुआ दा मादालेनावर सोडते. रस्ता ओलांडून थोडं पुढे गेलं की शाऊं दु लोरेइरूची दुसरी लिफ्ट. खाली सुपरमार्केट आहे ती इमारत. दोन्ही मिळून निम्म्याहून अधिक चढ संपतो. उरलेलाही नको असेल तर प्रासा दा फिगेइरावरून ७३७ क्रमांकाची छोटी बस थेट किल्ल्याशी जाते.

बायशातून चियादूला चढायचं असेल तर बायशा-चियादू मेट्रो स्थानकाचा खालच्या बाजूचा दरवाजा धरा आणि आतल्या सरकत्या जिन्यांनी वरच्या चौकात बाहेर पडा. मधला एखादा जिना बंद असू शकतो; बाबांसाठी आधी स्वतः बघून या.

उतारावरच्या जुन्या फ्युनिक्युलर गाड्यांच्या भरवशावर बेत आखू नका. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरिया फ्युनिक्युलरची दोरी तुटून १६ जण दगावले आणि त्यानंतर इतर गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या.

२८ई ट्रामचा हट्ट सगळ्यांचा असतो. तिच्या वळणांवर आणि चढांवर लांब आधुनिक डबा चालत नाही, म्हणून जुनेच लहान डबे धावतात आणि बसायला जेमतेम वीस जागा. मार्तीं मोनीझच्या थांब्यावरून बसायचा प्रयत्न केलात तर आईबाबांना आधी रांगेत आणि मग गर्दीत लोंबकळत उभं राहावं लागेल. उलट टोकाहून, कांपु द ओरीकच्या प्राझेरेश थांब्यावरून, सकाळी आठच्या सुमारास बसा. खिडकी मिळते. ट्राममध्ये पाकीट मारणारे दारापाशी गर्दी करतात, तेव्हा बाबांचं पाकीट मागच्या खिशात नको आणि आईंची पर्स पोटाशी.

बूट रबरी तळाचे हवेत. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे, पायांनी घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की उतारावर साबणासारखे होतात. चपला, नवे चामडी बूट दोन्ही नकोत. मुक्काम बायशातच घ्या, अल्फामात नाही: तिथल्या घरांपर्यंत टॅक्सी जात नाही आणि बॅग पायऱ्यांवरून ओढावी लागते. बुक करण्याआधी लिफ्ट आहे का ते विचारा. जुन्या इमारतींत चौथा मजला लाकडी जिन्यानेच येतो. मुक्कामाच्या बिलात दर माणशी दर रात्री चार युरो शहर कर वेगळा लागतो.

प्रश्न : मी शाकाहारी, अंडंही खात नाही. दोन दिवस काय खाऊ? (पुणे, सध्या बर्लिन)

आधी वाईट बातमी. लिस्बनची ओळख असलेला पाश्तेल द नाता हा पुडाचा गोड पदार्थ अंड्याच्या बलकाचाच असतो, आणि काही दुकानांत पुडाला डुकराची चरबी, 'बान्या', लावतात. (खाणाऱ्यांसाठी: १८३७ पासूनच्या बेलेंच्या दुकानाबाहेरची रांग बहुधा नेण्यासाठीची असते, आत बसायला भरपूर जागा आहे, सरळ आत जा.)

हिरवं काल्दु व्हेर्द सूप दिसायला कोबी-बटाट्याचं, पण वर सॉसेजची चकती तरंगते आणि काढून टाकली तरी रसात ती उतरलेली असते. 'सोपा द लेगूमेश' हे भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी चालतं. मांसाचं पाणी घातलंय का, एवढं विचारा. 'सें कार्न, सें पेइश, सें ओव्हु' म्हणजे मांस नको, मासा नको, अंडं नको. तिन्ही म्हणा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर बाकाल्याउ, म्हणजे सुका खारवलेला कॉड, येऊ शकतो. तो त्यांच्या लेखी मांसात मोडत नाही.

मेनू वाचताना मराठी माणसाला आयती मदत आहे. बताता म्हणजे बटाटा, कोव्ह म्हणजे कोबी, आनानाश म्हणजे अननस, पाऊं म्हणजे पाव. साबण आणि चावीसुद्धा तिकडूनच आलेले शब्द.

मार्तीं मोनीझ मेट्रोपासून रुआ दु बेंफोर्मोझु या गल्लीत बांगलादेशी-भारतीय दुकानं आणि खानावळी आहेत. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे. तिथल्या समाजातले बरेच गुजराती मोझांबिकमार्गे आलेले. मंदिराच्या आवारात शाकाहारी जेवण मिळतं. वेळ आधी विचारून जा, कारण ते मध्यवस्तीपासून लांब आहे.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, बिलात येत नाही.

प्रश्न : सिंत्रा याच शनिवार-रविवारात बसवता येईल का? (बर्मिंगहॅम)

बसवता येईल, पण मग लिस्बन पाहिलं असं म्हणू नका. रोसिउ स्थानकातून गाडीला चाळीस मिनिटं लागतात, त्यात काही अवघड नाही. वेळ खातो तो तिथला पेना राजवाडा. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही, आणि फाटकापासून वर अर्धा तास धरावा लागतो. त्याआधी स्थानकावरून ४३४ बसची रांग. वेळ चुकली की तिकीट बाद. साडेनऊची वेळ घेऊन साडेसातच्या आसपासची गाडी पकडली तरच हे जमतं.

प्रश्न : माझ्याकडे ब्रिटनचा नोकरीचा व्हिसा आहे, पासपोर्ट भारतीय. वेगळा व्हिसा लागेल? (लंडन)

लागेल, शेंगेन. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि पंधरा दिवस आधी ही शेवटची मर्यादा. पण उन्हाळ्यात अर्जाची तारीख मिळणंच कठीण, तेव्हा तीन महिने आधी लागा. तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा हवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो-ठशांची डिजिटल नोंदणी सुरू झाल्यामुळे रांगा लांबल्या आहेत. लंडनच्या विमानासाठी परत निघतानाही पासपोर्टची रांग लागते, तेव्हा तीन तास आधी पोचा. म्युनिक, आइंडहोवनच्या वाचकांना ही रांग नाही, पण निवासी कार्डासोबत मूळ पासपोर्ट बाळगणं त्यांनाही आवश्यक.

प्रश्न : मेट्रोच्या कार्डावर पैसे असूनही यंत्र दिवसाचं तिकीट का देत नाही? (झुरिक)

नावेगांते कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचं तिकीट राहतं. 'झॅपिंग'ची, म्हणजे आधी भरून ठेवलेली, रक्कम शिल्लक असेल तर चोवीस तासांचं तिकीट त्यावर चढत नाही. अर्ध्या युरोचं दुसरं कार्ड घ्या. आणि माणशी एक कार्ड; एकाच कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. ट्राममध्ये चालकाकडून घेतलेलं तिकीट बरंच महाग पडतं.

प्रश्न : आमचं घराणं वसईचं. पोर्तुगीज काळातली कागदपत्रं लिस्बनला बघता येतील का? (वसई)

शनिवार-रविवारच्या सहलीत नाही. तोर्रे दु तोंबु हे राष्ट्रीय अभिलेखागार आणि वसाहतींची कागदपत्रं असलेलं आर्किव्हु इश्तोरिकु उल्त्रामारिनु यांची वाचनालयं कामाच्या दिवशी चालतात. जाण्याआधी घरबसल्या तोर्रे दु तोंबुची ऑनलाइन सूची चाळा. बऱ्याच कागदांच्या प्रतिमा तिथे मोफत आहेत. शोधताना 'वसई' न घालता 'बासाइं' हे नाव पोर्तुगीज स्पेलिंगने (Baçaim) घाला, आणि काळ १५३४ ते १७३९ इतका मर्यादित करा. घराण्यातले बाप्तिस्मे-लग्नं शोधायची असतील तर सुरुवात आपल्या पॅरिशपासूनच करा. दोन दिवसच हाती असतील तर साऊं रोक चर्चची सक्रिस्ती, म्हणजे पूजेचं सामान ठेवायची खोली, बघा: सेंट फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची वीस चित्रं भिंतभर लावली आहेत. १५४१ मध्ये तो लिस्बनहूनच गोव्याला निघाला होता.