पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर) वापरून केलेल्या स्कॅफोल्डमध्ये, म्हणजे नवं हाड वाढण्यासाठीच्या सच्छिद्र सांगाड्यात, हायड्रॉक्सीॲपेटाइटची (हाडातल्या खनिजासारख्या सिरॅमिकची) पावडर वाढवली की तो ठिसूळ होतो. काय करावं?

पावडर आणखी वाढवू नका. आधी ती पॉलिमरला नीट धरून आहे का ते तपासा, कारण ठिसूळपणा बहुतेक वेळा तिथूनच येतो. हायड्रॉक्सीॲपेटाइटला पाणी मानवतं, पीसीएलला नाही. त्यामुळे नॅनो पावडरच्या गुठळ्या होतात आणि चीर नेमकी गुठळीपासून सुरू होते. तुटलेला पृष्ठभाग एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा: कण उघडेबोडके दिसले आणि शेजारी कण निसटल्याचे खड्डे असले, तर पकड नाहीच असं समजा. हाडात वजनाने ६० ते ७० टक्के खनिज असूनही ते चिवट राहतं, कारण तिथे खनिज कोलाजेनच्या तंतूंतच वाढलेलं असतं, वरून कालवलेलं नसतं.

करून बघण्यासारखं:
- कणांना सायलेनची (कण आणि पॉलिमर यांना जोडणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया द्या, म्हणजे पकड सुधारते.
- सॉल्व्हंट कास्टिंगमध्ये (पॉलिमर द्रावकात विरघळवून साच्यात ओतण्याच्या पद्धतीत) कण पॉलिमरच्या पापुद्र्याखाली दडतात आणि पेशींचा सिरॅमिकशी संपर्कच येत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात बुडवून पृष्ठभाग थोडा खरवडून घ्या. (जास्त वेळ ठेवलंत तर ताकदच जाईल.)
- छिद्रं एकमेकांना जोडलेली आणि ३०० मायक्रॉनच्या आसपास ठेवा, नाहीतर रक्तवाहिन्या आत शिरायला कचरतात.

मात्र एवढं करूनही सच्छिद्र पीसीएल मांडीच्या हाडासारख्या ठिकाणी एकट्याने भार पेलणार नाही. तिथे प्लेट किंवा रॉडचा आधार लागतोच.