एका टायमाला एकच वाकळ अंथरायची

पोरी,

तू पाठवलेले फोटो मोठे करून करून बघितले. वाकळीची, गोधडीची पाच कामं दिसायलेत मला. आजीच्या इरकली लुगड्याची वाकळ अर्ध्यावर, बहिणीच्या बाळासाठीचं दुपटं, यूट्यूब बघून चालू केलेलं ते चौकोनाभोवती पट्ट्या जोडायचं लॉग केबिन, जीन्सच्या तुकड्यांचं जाडजूड काहीतरी आणि डब्यात भरून ठेवलेले षटकोनी तुकडे. आणि खाली लिहिलंस की माझ्याच्यानं काहीच पुरं होत नाही, आता एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हातच लावायचा नाही असं ठरवायलीस. तेवढं मात्र ठरवू नको माय.

पाच कामं चालू असली म्हणून काही बिघडत नाही. तुकडे जोडायचं काम कितीही जागी चालू ठेव, कारण रंगाला वेळ लागतो, आज निळ्याशेजारी काय लावावं ते सुचत नाही आणि महिनाभरानं कुणाच्या तरी फाटक्या पोलक्यात तोच रंग सापडतो. पण एकदा का खालचं अस्तर, मधला भराव आणि वरचा थर एकावर एक अंथरून कच्चा टाका घातला, की मग ती एकच वाकळ हातात घ्यायची, ती उठेपर्यंत, म्हणजे पुरी शिवून होईपर्यंत, दुसरी अंथरायची नाही. मला तुला एवढंच सांगायचंय, बाकी सगळं ह्याच्यातूनच निघतं.

का, ते तुझ्याच फोटोत दिसायलंय. लुगड्याच्या वाकळीचा जवळून घेतलेला फोटो परत बघ. उजव्या काठाकडं धावदोरा बारीक आणि सरळ चाललाय, ज्वारीच्या दाण्याएवढा टाका, आणि मधे आल्यावर एकदम लांब झालाय, दोरा पण ताणलेला, त्याच्या बाजूला कापडाचा फुगा आलाय. तिथंच तू काम सोडून परत धरलंस ना? मधे बरेच महिने गेले की हात बदलतो, मनात तोच टाका असला तरी बोटं वेगळंच घालतात. शिवाय कच्चा टाका काय कायमचा नसतो, वाकळ घडी करून कपाटात ठेवली, परत काढली, परत ठेवली की मधला थर हळूहळू सरकतो आणि मग कितीही निगुतीनं शिव, झोळ पडतोच. टाचण्या लावून ठेवल्या असतील तर आजच काढ, पावसाळ्यात त्या गंजतात आणि सुती कापडावरचा गंजाचा डाग निघत नाही. दोऱ्याचं पण तसंच, लाल रीळ म्हणून सहा महिन्यांनी आणलेलं रीळ पहिल्या लालशी जुळेलच असं नाही, म्हणून एका वाकळीला लागणारा दोरा एकदाच घेऊन ठेवायचा.

आपल्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवायची गरज पडली नाही कारण त्यांना हंगामच तसा होता. सुगी आटोपली की उन्हाळ्यात दुपारी लिंबाखाली नाहीतर ओसरीत वाकळ अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, दोघीतिघींनी मिळून काठानं पहिला फेरा घालायचा, आणि जून लागून मिरग निघायच्या आत ती उठवायचीच, कारण एकदा पेरणी, मग खुरपणी, मग दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी, सुई धरायला फुरसत कुठली. आणि उन्हाळ्यातच एकदा धुऊन कडक वाळवून घ्यायची, कारण ओली वाकळ दोघींना पिळत नाही इतकी जड होते आणि पावसात तर तिला कुबट वास धरतो. चिंध्यांची गाठोडी मात्र त्यांच्या घरात वर्षभर असायची, कुणी त्या गाठोड्यांना अर्धवट काम म्हणलं नाही. मग तूच का स्वतःला बोल लावून घ्यायलीस?

आता तुझ्या पाचांचं सांगते. दुपटं आधी. बाकी कशालाच तारीख नाही, त्याला आहे, बहीण चैत्रात बाळंतपणाला परभणीला येणार म्हणलीस. तीन फुटाचा चौकोन पुष्कळ झाला, वापरून मऊ झालेलं सुती कापड घे, जर, टिकल्या, बटण काही नको, आणि दोऱ्याच्या गाठी दोन थरांच्या आत लपव, लेकराच्या अंगाला टोचतात त्या. ते झालं की लगेच लुगड्याची वाकळ काढ, मिरगाच्या आत उठेल. मधले लांब टाके उसवून परत घाल. नको वाटेल, पण फुगा आत्ता नाही काढला तर पहिल्याच धुण्यात तिथं कापड गोळा होईल.

लॉग केबिन बिनधास्त मधे मधे चालू ठेव, त्याचा एकेक चौकोन सुटा होतो, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावल्या की तो पुरा, थांबलं तरी काही सरकत नाही. षटकोन तर एसटीत न्यायचं काम आहे, डब्यात सुई, दोरा, छोटी कात्री टाकून ठेव. आणि ह्या दोन्हीच्या गाठोड्यात एक चिठ्ठी ठेवत जा, पुढं काय करायचं ते लिहून, "हिरवी पट्टी कमी आहे, बाजारातून आणणे" असं. माझ्या बघण्यात काम अडतं ते आळसानं कमी आणि पुढं काय करायचं ते ठरलेलं नसतं म्हणून जास्त. परत गाठोडं सोडल्यावर पहिला अर्धा तास आपण कुठं होतो तेच आठवण्यात जातो, आणि तेवढ्यात उत्साह संपतो.

राहिलं जीन्सचं. ते मोडून टाक. जीन्सची गोधडी होत नाही असं नाही, अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांच्या, जीन्सच्यासुद्धा गोधड्या शिवल्या आणि २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या. पण त्यांचे तुकडे बघ केवढाले मोठे असतात. तू चार बोटांचे तुकडे केलेस, म्हणजे प्रत्येक जोडावर कापडाचे थर चढले, त्यातून हातानं सुई जाणार नाही, बोटाला चिंधी गुंडाळली तरी दुखेल. जेवढं जोडलंय त्याची दोन बसकरं होतील, बाजारच्या पिशवीचा तळ होईल. काम मोडलं म्हणून वाईट वाटून घेऊ नको, वाकळ म्हणजे मुळात मोडलेल्याचीच बनते.

लुगड्याचा पदर बाजूला काढून ठेवलास, त्याची कड लावायची म्हणलीस, ते छान दिसेल, तांबडी कड आणि आत तो हिरवट चौकटीचा भाग. फक्त एक कर. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुतेक रेशमी नाहीतर बनावट रेशमाचा असतो, धुतल्यावर दोन्ही सारखे आवळत नाहीत आणि लाल रंग उतरतो पण. पांढरा रुमाल ओला करून पदराच्या कोपऱ्यावर दाबून चोळ. रुमालाला लाली लागली तर कड सुती कापडाची लाव आणि पदर उशीच्या अभ्ऱ्याला वापर. काय होतंय ते मला फोटो काढून पाठव, मग दोऱ्याचा रंग सांगते.

तुझी,
मावशी