आडनाव सेम आहे म्हणून ते आपले कसे?

प्रिय सानू,

परवा रात्री दीड वाजता तू पाणी प्यायला खाली आलीस तेव्हा मी किचनच्या टेबलवर फोन घेऊन बसलो होतो. तू विचारलंस की बाबा, हे कोण लोक आहेत ज्यांच्याशी तू रोज रात्री बोलतोस, मी म्हटलं हे सगळे उमरेडकर आहेत, आपलेच. तर तू म्हणालीस, आडनाव सेम आहे म्हणून ते आपले कसे, माझ्या वर्गात दोन पटेल आहेत ते एकमेकांशी बोलत पण नाहीत. आणि मग जिना चढता चढता म्हणालीस, आजीला तर तू फक्त रविवारी फोन करतोस.

तू चिडून नाही म्हणालीस, झोपेत होतीस, तरी मला ते फार लागलं. दोन दिवस डोक्यात तेच घोळून राहिलंय म्हणून हे लिहितोय. मराठीत लिहितोय कारण इंग्लिशमध्ये सांगायला गेलो की दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगतोय असं वाटतं. अडेल तिथे आईला विचार.

आधी आजीचं. तू बोललीस ते खरं आहे. काल बुधवार असून मी तिला फोन लावला, तर पहिलं वाक्य काय, "काय झालं बापा, सगळे बरे आहेत ना?" म्हणजे रविवार सोडून माझा फोन आला की तिला भीती वाटते. हे मला माहीतच नव्हतं. त्याबद्दल मी तुला काही समजावत नाही, ते मलाच नीट करायचंय.

आता आडनाव. उमरेड हे नागपूरपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवरचं गाव, आता तिथे कोळशाच्या खाणी आहेत, पण आधी ते हातमागाच्या कापडासाठी ओळखलं जायचं, रेशमी काठाची धोतरं, लुगडी. गावात राहणारा माणूस गावाचं नाव कशाला लावेल, तिथे सगळेच उमरेडचे. ते नाव लागतं गाव सोडल्यावर, दुसऱ्या ठिकाणचे लोक म्हणायला लागतात हा उमरेडचा, उमरेडकर. आणि गाव सोडणारे काही एका घरातले नसतात, एका जातीतले पण नसतात. त्यामुळे तुझा प्रश्न चुकीचा नाहीच, उमरेडकर आहे म्हणून तो आपला असं काही नसतं. पण मी लहान होतो तेव्हा आम्हाला हे असं वाटायचं नाही, आम्हाला वाटायचं की आडनाव म्हणजे घराचा पत्ता.

आमचं घर नागपुरात तांडापेठेत होतं, तू ते पाहिलेलं नाहीस, तू जन्मायच्या आधीच विकलं. समोरच्या खोलीत जमिनीत एक खड्डा होता, त्यावर फळ्या टाकलेल्या. तो मागाचा खड्डा. माझे पणजोबा तिथे बसून विणायचे, विणणारा जमिनीच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खाली पायाने पावड्या दाबतो, वर हाताने धोटा इकडून तिकडे. माझ्या वेळेला माग नव्हता, आबाजी (माझे आजोबा) मिलमध्ये लागले होते, एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली. पण तो खड्डा कुणी बुजवला नव्हता. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, आम्ही पोरं दोन फळ्या काढून त्यात पाय सोडून बसायचो कारण आत माती थंड असायची. आबाजी रागवायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, "इथंच बसत जाय माया बाप," बस. आबाजी फार बोलायचे नाहीत.

आणि मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, केवढी गर्दी, सगळे ओरडतात घेऊन जा गे मारबत, म्हणजे रोगराई, महागाई, सगळी पीडा घेऊन जा. मी सात-आठ वर्षांचा असेन, इतवारीत माझा हात सुटला. रडत एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो तर एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "कोनाचा गा तू?" मी म्हटलं उमरेडकर. "कोनते उमरेडकर, मागवाले का मिलवाले?" मी म्हटलं दोन्ही. तो हसला आणि मला सरळ घरी आणून सोडलं, पत्ता विचारला पण नाही. तुमच्याकडे शाळेने प्रत्येक मुलाच्या बॅगवर फोन नंबर लिहायला लावला होता ना, आमचा नंबर हा होता. कोनाचा गा तू.

पण मी तुला फक्त हे गोड गोड सांगून थांबलो तर ते खोटं होईल. मी नववीत असताना बाबांनी नागपुरातच एका बऱ्या वस्तीत भाड्याची खोली बघितली, माझ्या शाळेला जवळ पडावी म्हणून. घरमालकीणबाई चांगल्या बोलत होत्या, चहा ठेवला, मग विचारलं, उमरेडकर म्हणजे कोणत्यातले? बाबांनी सांगितलं, आम्ही विणकर. चहा आला, आम्ही प्यायलो, आणि मग खोली कालच दुसऱ्यांना दिली असं कळलं. बाबा येताना सायकल हातात धरून चालत आले, मला डबलसीट घेतलं नाही, का ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणजे ज्या प्रश्नाने मला घरी आणून सोडलं त्याच प्रश्नाने आम्हाला दारातून परत पण पाठवलं. म्हणून आपल्या उमरेडकरांच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला कुणीतरी तेच विचारलं, कोणत्यातले तुम्ही, तेव्हा मला ग्रुप सोडावासा वाटला. एक उमरेडकर खरंच सोडून गेले, आमची जात वेगळी आहे, चुकून आलो असं लिहून. अजून कधीकधी त्यांची आठवण येते. थांबा म्हणायला पाहिजे होतं, मी काहीच लिहिलं नाही.

मग मी ग्रुपमध्ये का थांबलो? कारण आपल्याकडे कागद नाही. ज्यांची वतनं होती, पाटीलकी, देशमुखी, त्यांच्याकडे मोडीतले कागद असतात, सनदा असतात, काही घराण्यांचे तर जाड जाड कुलवृत्तांत छापलेले आहेत. विणकराच्या घरी काय असणार, कापड विकलं गेलं. काकाच्या मुलाला, तुझ्या दादाला, इंजिनीअरिंगला कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी, करायची होती तेव्हा पुरावा लागला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. तेव्हा काका आधी शाळेत गेला, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आबाजींचं नाव शोधायला, मग कोतवाल बुक, म्हणजे गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा ते. एक ओळ मिळायला चार महिने गेले. त्या वेळी काकाला कळलं की दुसऱ्याही उमरेडकरांची पोरं अशीच वणवण फिरताहेत, आणि एकाला सापडलेली ओळ दुसऱ्याच्या कामाची असू शकते, कारण वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाचं सर्टिफिकेट झालेलं असलं की बाकीच्यांचं सोपं होतं. तिथून हा ग्रुप सुरू झाला. कामापुरतं. मी नंतर आलो, आणि माझं काही काम नव्हतं, कॅल्गरीत मला कोण व्हॅलिडिटी मागणार. मी नुसता त्या खड्ड्यासाठी आलो म्हण.

आम्ही काय करतो तर प्रत्येक जण आपल्याला माहीत आहेत तितकी नावं टाकतो, बाप, आजा, पणजा, कुलदैवत कोणतं, घर कोणत्या मोहल्ल्यात. मग जुळवत बसायचं. हे सोपं नाही कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे प्रत्येक फांदीवर एक महादू आणि एक गणपत आहे. मी स्वतः चूक केली. चंद्रपूरच्या एका उमरेडकरांचा महादू आणि आपला महादू एकच समजून मी दोन्ही झाडं जोडून टाकली, तिथले आजोबा ब्याऐंशी वर्षांचे, ते इतके खुश झाले की त्यांनी मला व्हिडिओवर घरातली सगळी माणसं दाखवली. दोन महिन्यांनी लक्षात आलं की त्यांचं कुलदैवत वेगळं, आपली माहूरची रेणुका, आणि त्यांच्या महादूच्या बायकोचं माहेर, वर्षं, काहीच बसत नाही. मला फोन करून सांगायला लागलं. ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं, फोन तर करत जाशील ना." मी करतो. ते तू म्हणतेस त्या अनोळखी लोकांपैकी एक.

आणि आता परवा रात्रीचं. भंडाऱ्याचे एक काका आहेत ग्रुपमध्ये, ते त्र्यंबकेश्वरला गेले होते त्रिपिंडी श्राद्ध करायला. तिथल्या उपाध्यायांकडे वह्या असतात, पिढ्यान् पिढ्यांच्या, कुणी यात्रेला आलं की त्याचं नाव, गाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून ठेवतात आणि खाली सही घेतात. गेलं की विचारतात आडनाव काय, मूळ गाव कोणतं, जात कोणती, आणि बरोब्बर ती वही काढतात. काकांनी त्यांच्या पणजोबांचं पान मागितलं, लहानू. लहानू स्वतः कधी त्र्यंबकला गेलाच नव्हता. पण त्याचं नाव एका दुसऱ्याच पानावर भाऊ म्हणून होतं, आणि काकांनी त्या पानाचा फोटो टाकला. शके १८५१. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे १९२९. महादू, बाप गणपत, आजा सोमाजी, वस्ती उमरेड, हल्ली नागपूर. भाऊ तुकाराम, लहानू. मुलगा विठू.

विठू म्हणजे माझे आबाजी, सानू. सात वर्षांचे. आणि महादू म्हणजे तो खड्ड्यात पाय सोडून बसणारा.

आमच्या घरी कायम सांगितलं गेलं की पणजोबा एकटेच होते, मागेपुढे कुणी नव्हतं. आणि भंडाऱ्याच्या घरी कायम सांगितलं गेलं की लहानूचा एक भाऊ नागपूरला गेला तो गेलाच. दोन्ही घरात अर्धी अर्धी गोष्ट होती आणि कुणालाच कळलं नाही की आपल्याकडची अर्धी आहे. भावाभावांत काय झालं ते आता कुणीच सांगू शकत नाही, मला ते फार टोचतं. असं काय झालं असेल की स्वतःच्या पोराला पण सांगितलं नाही की तुला दोन काका आहेत, पण त्र्यंबकला गेल्यावर मात्र वहीत दोघांची नावं सांगितली.

पानाच्या खाली सही नाही, अंगठा आहे. मी तेच बघून राहिलो होतो तू आलीस तेव्हा. दोन बोटांनी मोठा करून करून. वरच्या बाजूला शाई जास्त लागलीये, तिथे नुसता काळा डाग, पण खाली रेषा एकदम स्वच्छ, गोल गोल फिरून मध्ये आलेल्या, आणि एका बाजूने एक आडवी पांढरी रेघ, कापल्याच्या जुन्या खुणेसारखी. धाग्याने कापलं असेल का, मला माहीत नाही, मला तसं वाटत राहिलं. तू वाकून बघितलंस, म्हणालीस हे कुणाच्याही अंगठ्यासारखं दिसतंय, आणि स्क्रीनवर बोट लावलंस तर फोटो सरकून गेला. आणि मग तू तो प्रश्न विचारलास.

बायकांची नावं त्या पानावर नाहीत. तू नाही विचारलंस पण तू विचारशील म्हणून सांगतो. मी आत्याला विचारलं, महादूच्या बायकोचं नाव काय, ती म्हणाली भिवापूरवाली. मी म्हटलं आत्या ते माहेरचं गाव झालं, नाव काय. ती खूप वेळ विचार करून म्हणाली, "सगळे भिवापूरवालीच म्हणत, नाव कोनी घेतच नोतं." तीन पिढ्यांच्या बायका तिला अशाच माहीत आहेत, भिवापूरवाली, पवनीवाली, काटोलवाली. मी झाडात तसंच लिहिलंय, खोटं नाव टाकण्यापेक्षा. पुढच्या पिढ्यांत मात्र आत्यांची, बहिणींची, सगळ्यांची नावं टाकतोय, ग्रुपमध्ये दोघा-तिघांना ते आवडलं नाही, वंशावळीत मुली नसतात म्हणाले. मी ऐकलं नाही.

तर ते आपले कसे. सानू, बहुतेक जण नाहीतच. साठेक लोकांत भंडाऱ्याचं एक घर निघालं. पण ते एक घर बाकीच्या साठ लोकांनी आपापली नावं टाकली नसती तर निघालं नसतं, इतकंच मला म्हणायचंय, आणि ते पण नीट म्हणता येत नाहीये. तुला यात पडायलाच पाहिजे असं अजिबात नाही. तुझ्या शाळेत तुझं आडनाव अजून पण अम्रेडकर म्हणतात आणि तू दुरुस्त करायचं सोडून दिलंस, ते मला कळतं, मी पण ऑफिसमध्ये तेच केलंय.

भंडाऱ्याच्या काकांनी रविवारपर्यंत आपल्या फांदीची नावं मागितलीत, ते सगळं एका मोठ्या कागदावर लिहून काढणार आहेत. मी माझ्यापर्यंत लिहिलंय. खाली तुझी जागा ठेवलीये, पेन्सिलने नुसती रेघ ओढून. तुझं नाव टाकू का? नको असेल तर तसं सांग, मी काकांना कळवीन, आणि टाकायचं असेल तर सानू लिहू की पूर्ण नाव, तेही सांग. रविवारी आजीला फोन करायच्या आधी सांगितलंस तर बरं, ती विचारेल.

बाबा