हो म्हणायच्या आधी टीमचे आकडे बघ

अगं, अमेरिकेतल्या कॉलेजच्या जिम्नॅस्टिक्स टीमकडून ऑफर आली म्हणजे मोठंच काम झालं, लेव्हल टेनपर्यंत, म्हणजे एलिटच्या खालच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत, गुडघे शाबूत ठेवून पोचणं म्हणजे काय खायचं काम नाही. पण लगेच हो म्हणू नकोस, कोच लोक फोनवर गोडच बोलतात, मला आकडे जास्त खरे वाटतात.

आधी रोस्टर, म्हणजे टीममधल्या मुलींची यादी. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दल २०२५ मध्ये कोर्टात जी हाऊस सेटलमेंट झाली, तिच्यात जी कॉलेजं आली त्यांना विमेन्स जिम्नॅस्टिक्समध्ये २० जणीच ठेवता येतात, आणि पूर्वी डिव्हिजन वनला (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाला) १२ स्कॉलरशिप असायच्या त्या सगळ्या फुल, आता तुकडे करून वाटता येतात. म्हणून नुसतं "स्कॉलरशिप देतोय" यावर खुश होऊ नको, किती टक्के नि किती वर्षं ते लेखी माग. वीसात आलीस तरी मीटमध्ये एका अ‍ॅपरेटसवर सहाच जणी उतरतात, त्यातले पाच स्कोअर धरतात. तुझा बीम भारी आहे ना, मग त्यांच्या बीमच्या सहाजणींत सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, किती ते बघ, तीन-चार असतील तर तुझी जागा होतेय, सगळ्या फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, असतील तर बस टाळ्या वाजवत.

पैशाचं जरा नीट समजून घे. अमेरिकन सरकारच्या इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स डेटाबेसवर कुठल्याही कॉलेजचा टीमवार जमाखर्च फुकट बघता येतो. बऱ्याच ठिकाणी जमा आणि खर्च अगदी डॉलरला डॉलर सेम दिसेल आणि वाटेल की वा, टीम स्वतःचं भागवतेय, तर तसं काही नसतं, कॉलेजने खिशातून घातलेले पैसेही जमेतच धरलेले असतात. युटा युनिव्हर्सिटीच्या मीटला पंधरा हजार लोक येतात, पण असं युटा एखादंच, बाकीच्या टीम फुटबॉलच्या पैशावर नाहीतर कॉलेजच्या मर्जीवर जगतात. टॅलाडेगा कॉलेजची टीम २०२४ चा पहिला सीझन खेळली नि त्याच उन्हाळ्यात पैशापायी बंद झाली, त्या पोरींचं काय झालं असेल विचार कर.

अभ्यासासाठी एपीआर (अ‍ॅकॅडमिक प्रोग्रेस रेट, टीमच्या अभ्यासाचा स्कोअर) बघ. स्कॉलरशिपवाल्या प्रत्येकीला दर सेमिस्टरला दोन पॉइंट, एक पास राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. १२ जणींचे वर्षाचे ४८ होतात, आणि वर्षाअखेर दोघी नापास होऊन निघून गेल्या तर ४४, म्हणजे हजारात ९१७, आणि पोस्टसीझनला, म्हणजे सीझननंतरच्या चॅम्पियनशिपला, ९३० लागतात. चार वर्षांची सरासरी धरतात म्हणून बुडत नाहीत इतकंच. जिम्नॅस्ट पोरी बहुतेक हुशारच असतात, त्यामुळे एपीआर पडलेला दिसला तर पोरींना दोष देऊ नको, सोडून का गेल्या ते विचार.

आणि तुला नर्सिंग करायचंय ना? मग टीममध्ये आत्ता नर्सिंगला कोणी आहे का, क्लिनिकल (हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर कोण माघार घेतं, हे कोच नसताना तिथल्या सेकंड इयरच्या पोरींना विचार. लेखी ऑफर आली की मला फॉरवर्ड कर, सही नंतर.