खलनायक आवाज का चढवत नाही?

प्रश्न : माझी आई निळू फुले यांचा चित्रपट दूरदर्शनवर लागला की आजही पदर सावरून बसते आणि मनापासून शिव्या देते. माझी मुले मात्र अलीकडच्या चित्रपटांतील पिळदार दंडाच्या, हातात मशीनगन घेतलेल्या खलनायकांची नावेसुद्धा आठवड्याभरात विसरतात. असे का व्हावे? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : आपल्या आईंच्या शिव्या ही अभिनेत्याला मिळालेली खरी पावती आहे, आणि ती कशामुळे मिळाली हे पाहण्यासाठी ‘सामना’ पुन्हा एकदा पाहावा असे मी सुचवेन. डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि विजय तेंडुलकरांची पटकथा असलेल्या या चित्रपटात निळू फुले यांनी साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील उभे केले आहेत. दारूच्या आहारी गेलेला एक म्हातारा मास्तर गावात येतो, तेव्हा हिंदुराव त्याला हाकलून देत नाहीत, उलट ठेवून घेतात, खाऊ-पिऊ घालतात, त्याच्याशी गप्पा मारतात. डॉ. श्रीराम लागूंचा हा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाविषयी ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागतो, आणि त्यानंतरही यजमानाचा पाहुणचार थांबत नाही. भीती वाटते ती नेमकी इथे. ज्याला आपल्या सत्तेची पूर्ण खात्री आहे, त्याला चिडण्याची गरज नसते. त्याचा अगत्यशीलपणा हाच त्याच्या सत्तेचा पुरावा असतो. आपण हिंदुरावांना कुठेतरी पाहिलेले असते. सोसायटीच्या निवडणुकीत, लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या ओट्यावर आपणही त्यांना वाकून नमस्कार केलेला असतो, आणि पडद्यावरचा माणूस ओळखीचा निघाला की त्याला विसरणे सोपे राहत नाही.

मशीनगनवाल्या खलनायकाची अडचण अशी की त्याची ताकद त्याच्या अंगावरच संपते. चित्रपटातील भीती मात्र खलनायकाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या चेहऱ्यांवर अधिक स्पष्ट उमटते. याचे जे उदाहरण मला सर्वांत नेमके वाटते ते ‘शोले’मधील आहे, मात्र ते ‘कितने आदमी थे’चे नव्हे. (त्या प्रसंगाची नक्कल इतक्या वेळा झाली आहे की आता त्यातली भीती उरलेली नाही, गंमत तेवढी राहिली आहे.) सचिन पिळगावकर यांनी साकारलेला अहमद विडीच्या कारखान्यातील नोकरीसाठी जबलपूरला निघतो आणि वाटेत गब्बरच्या माणसांच्या हाती सापडतो. गब्बर आडवा पडलेला आहे आणि त्याच्या हातावरून एक मुंगी चालली आहे. तो तिच्याकडे क्षणभर पाहतो आणि तिला चिरडतो. एवढेच. त्यानंतर आपल्याला दिसतो तो गावात परतणारा घोडा आणि त्याच्या पाठीवरचा मुलाचा मृतदेह. अहमदचे काय झाले हे चित्रपट दाखवत नाही, ते मुंगीने आधीच सांगितलेले असते. पुढे अहमदचे अंध वडील, म्हणजे ए. के. हंगल यांचे इमामसाहेब, सगळे इतके गप्प का आहेत असे विचारतात, तेव्हा उत्तर द्यायला कोणाची जीभ रेटत नाही. त्या दृश्यात अमजद खान कुठेच नाहीत, तरीही गावातील प्रत्येक माणसाच्या मानेवर गब्बरचा हात आहे.

‘अर्धसत्य’मधील (1983) गुंड रामा शेट्टीचेही तेच. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर बेतलेल्या, गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर मोजक्याच दृश्यांत दिसतात. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, एका भीषण गुन्ह्यासाठी शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी पळत नाही, धमकावत नाही; तो एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला एकच दूरध्वनी करतो, आणि त्या अधिकाऱ्याच्या हुकुमावरून वेलणकरला हात हलवत परत फिरावे लागते. खिशातले पिस्तूल बाहेर काढण्यापेक्षा टेलिफोन उचलणे किती भयंकर असू शकते, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. नगरपालिकेत, तहसील कचेरीत असा ‘वरचा फोन’ आलेला ज्याने पाहिला आहे, त्याला आजही ते समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : हल्ली प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण दिलेले असते. त्याशिवाय तो खरा वाटत नाही का? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : वाटतो. गब्बरच्या लहानपणाविषयी ‘शोले’ आपल्याला अवाक्षरही सांगत नाही, आणि ते कोणाला खटकलेले माझ्या ऐकिवात नाही. कारण सांगितले की प्रेक्षकाची भीती कमी होते, कारण मग त्याला हिशोब जुळल्याचे समाधान मिळते. मात्र खलनायकाला स्वतःची बाजू असावी, आणि ती त्याला मनापासून पटलेली असावी, हे वेगळे. हिंदुरावांना आपण गावाचे भले केले असे वाटते, आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. म्हणून तर मास्तराचा प्रश्न त्यांना बोचतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि मित्रांसोबत एक लघुपट करत आहे. त्यातील सावकार पुरेसा भयानक वाटत नाही, असे सर्वांचे मत पडले. आवाज घोगरा करावा, हातात छडी द्यावी, पार्श्वसंगीत वाढवावे, असे सल्ले मिळाले आहेत. आपण काय सुचवाल? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : तिन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (2016) शेवट आठवून पाहा. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या आर्चीचा भाऊ माहेरच्या माणसांसह भेटवस्तू घेऊन दारात येतो, आर्ची त्यांच्यासाठी चहा करते, आणि कोणीही आवाज चढवत नाही. मग आर्ची आणि तिच्या नवऱ्याचा खून होतो, आणि ज्या क्षणी संगीत सर्वाधिक हवे असे आपल्याला वाटते, त्या क्षणी मंजुळे आवाजच काढून घेतात आणि रक्ताने माखलेली लहान मुलाची पावले तेवढी दाखवतात. त्या चित्रपटाच्या गाण्यांवर सिनेमागृहात नाचलेली मुले शेवटी खुर्चीतून उठेनात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आपला सावकार कर्जदाराच्या घरी येतो, असे आपण लिहिले आहे. त्याला ओरडायला लावू नका. त्याला धाकट्या मुलीची इयत्ता विचारू द्या, गोठ्यातील म्हशीच्या पाठीवर हात फिरवू द्या, ‘यंदा आटली का?’ असे काळजीच्या सुरात विचारू द्या. व्याजाचा विषय त्याने काढूच नये. कॅमेरा मात्र घरातील माणसांवर ठेवा. तो चहा मागतो, आणि कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून घरातील बाई ती दोन्ही हातांनी घट्ट धरून आणते, एवढे एक दृश्य आधी चित्रित करून पाहा. छडी हवी की नको, ते त्यानंतर ठरवा.